गार पाणी

रक्ताला गार पाणी लागतं.
कोमट नाही, गार. मला आईने शिकवलं,
तिला तिच्या आईने, ओहायोत, कुठल्याशा ओढ्यावर.
गरम पाणी पडलं की डाग धाग्यात बसतो.
मग कापड विरतं, डाग विरत नाही.

लायमन क्रेलचे सदरे मी दोन वर्षं धुतले,
तेव्हा तो लायमन क्रेल नव्हता.
तेव्हा तो मिस्टर होब्ज, बियाण्यांचा अडत्या.
दर सोमवारी गाठोडं आणून द्यायचा,
सुटे पैसे मोजताना त्याचे ओठ हलायचे.
उजव्या बाहीला शाई. पत्रं लिहायचा,
वर्तमानपत्रांना, स्वतःविषयी, हे नंतर कळलं.
पाच सेंटांच्या पुस्तकात तो सहा फूट दोन इंच;
त्याच्या विजारी मी चार बोटं आखूड केल्या होत्या.
शेवटच्या हिवाळ्यात छातीवर मोहरीच्या लेपाचे डाग,
रुमालात गंजासारखं काही.
ते गार पाण्याने जायचं.

फेब्रुवारीत सदरा आला तो त्याच्या हातून नाही,
सुतार व्हॉइटच्या हातून, जो पेट्याही करतो.
“नीट धू, ऑर्फा. उद्याच्या गाडीने माणसं येणार बघायला.”
छातीवर भोक. कडा जळलेल्या.
मी उजेडाशी नेला. भोकातून बोट घातलं.
उलटा केला, पुन्हा सुलटा.
कडेला एक थेंब नाही.

जिवंत माणूस सांडतो.
कोंबडीसुद्धा सांडते.
हा सदरा ज्याच्या अंगावर होता
तो आधीच सांडून संपला होता,
रुमालांतून, थोडा थोडा,
एका सोमवारपासून दुसऱ्या सोमवारपर्यंत.

डेप्युटी पूलला पंधराशे डॉलर मिळाले.
पहिल्या वर्षी त्याने दहा पावलांवरून गोळी घातली,
दुसऱ्या वर्षी अंगणापलीकडून,
आता घोड्यावरून घालतो, वादळात.
त्याच्या सदऱ्यांना फक्त व्हिस्की लागलेली असते.

लायमनला गावाने वर्गणी काढून नवा काळा कोट घातला.
सदरा माझ्याकडेच राहिला.
भोक मी रफू केलं. हाताची सवय.

बोलले एकदाच. सेंट लुईसहून बातमीदार आला होता,
नवे बूट चिखलात जपून टाकत.
त्याने सगळं ऐकलं, पेन्सिल न हलवता.
म्हणाला, “बाई, छातीतल्या कफाला कोण पैसे देऊन वाचणार?”
मग विचारलं, तो गायचा का.
मी म्हटलं, खोकायचा.
छापून आलं: धोबिणीला तो गाणी म्हणून दाखवी.

मेल्या म्हशीला मणभर दूध.
इथे तर मेल्या गव्यांची हाडं
रुळांशेजारी डोंगर रचून टनावर विकतात,
मग अडत्याच्या सदऱ्यांचं काय घेऊन बसलात.
मी चार विकले. दोन खरंच त्याचे.
एक माझ्या नवऱ्याचा, देव त्याला क्षमा करो,
एरवी तो कुणाच्या उपयोगी पडला नाही.
चौथ्याचं आता आठवत नाही.

काल शिकागोहून एक गृहस्थ आला,
खेळाच्या तंबूचा मालक.
त्याला तोच हवा होता.
टेबलावर पसरला, रफूवरून नख फिरवलं.
म्हणाला, “हे उसवा.”
उसवलं.
मग भोकाकडे बघत राहिला,
विहिरीत बघतात तसा, बराच वेळ.
“पांढराच आहे हो,” एवढंच म्हणाला,
आणि वीस डॉलर ठेवले.
मी काही बोलले नाही.
आणखी वीस.

बाहेर वारा नव्हता.
दोरीवर कुणाचेच कपडे नव्हते.
कोंबड्या माती उकरत होत्या, त्यातली एक
अंडी घालायची कधीच थांबलेली.

मी सुरी शोधली.
मग चुलीवर मोठं पातेलं चढवलं.
त्याला उकळायला वेळ लागतो.
थांबले.